पाठीला काय लावलंत? नीडलपॉइंटच्या पाच उशा, पंधरा महिने

खणाची पाठ लावलेली माझी नीडलपॉइंटची उशी गेल्या आठवड्यात उसवली. समोरच्या भरतकामातला लोकरीचा एक टाकाही हललेला नाही, पाठ मात्र शिवणीपाशी दोन बोटं फाकली आणि आतली पांढरी उशी डोकवायला लागली. पाहुणे समोर बसलेले. मी ती उशी उचलून मांडीवर घेतली आणि चहा होईपर्यंत तशीच बसले.

माझ्या नीडलपॉइंटच्या, म्हणजे ताठ जाळीच्या भोकाभोकांतून लोकरीने भरलेल्या, पाच उशा आहेत. प्रत्येक 14 इंची चौकोन, इंचाला 13 भोकांची जाळी, म्हणजे एका उशीला 33,124 टाके. तीन वर्षं भरत होते. पाठी, म्हणजे मागच्या बाजू, मात्र गेल्या वर्षीच्या मे महिन्यात सगळ्यांना एकदमच लावल्या आणि मुद्दाम पाच वेगवेगळी कापडं घेतली. त्यानंतर ठाण्याचे दोन पावसाळे गेले, सासूबाईंची रोजची दुपारची झोप झाली, नातवंडांची मारामारीही झाली. एवढं सोसल्यावर कुठलं कापड टिकलं ते सांगते.

खणापासूनच सुरुवात करते. गुळेदगुड्डचा जांभळा खण होता, तांबडे काठ, समोर लोकरीची कमळं. दिसायला पाचांत ही उशी पहिली. पण खण चोळीसाठी विणलेला असतो. त्याचा धागा बारीक आणि गुळगुळीत, त्यामुळे शिवणीवर ताण आला की कापड फाटत नाही, धागेच एकमेकांवरून सरकतात. जाडजूड जाळीला तो जोडला की सगळा ताण त्याच्याच वाट्याला. त्यात मी 14 इंची खोळीत 16 इंची उशी कोंबली होती, फुगीर दिसावी म्हणून! एक इंच मोठी चालते, दोन इंच हा शुद्ध हट्ट. दोष खणाचा निम्मा आणि माझा निम्मा.

सुती मखमल मला सर्वांत आवडली, पण तिने सर्वांत जास्त छळलं. मशिनवर ती जाळीखाली सरकत राहते आणि शेवटच्या कोपऱ्यात दोन्ही कडा अर्ध्या इंचाने चुकतात. टाचण्यांनी काही होत नाही. चारही बाजूंनी हाताने कच्चा टाका घाला, दोन ओळी घाला, मगच टीप मारा. जाळी वरच्या बाजूला ठेवायची आणि टीप भरतकामाच्या अगदी शेवटच्या ओळीवरून न्यायची, म्हणजे उलटवल्यावर कडेला पांढरी जाळी दिसत नाही. लव कुठल्या दिशेला झोपते तेही आधी हात फिरवून बघा. माझी उलटी लागली आहे आणि ती उशी सोफ्यावर हळूहळू वर चढते. पंधरा महिन्यांनी मधोमध लव दबली होती. वाफेची इस्त्री कापडाला न टेकवता फिरवली आणि मऊ ब्रश मारला, बरीचशी उठली. पहिल्या जुलैत तिला कुबट वास यायला लागला होता. पाठीला चेन असल्यामुळे आतली उशी काढून वाळवता आली. चेनचा आळस करू नका. जाळीला खळ असते, ती पाण्यात गेली की समोरची बाजू लुळी पडते, म्हणून ही खोळ धुवायची नसतेच. वारा देणं एवढंच आपल्या हातात.

पॉलिस्टर मखमलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लव दबली नाही, वासही आला नाही, पण सोफ्यावरून ती सारखी घसरते आणि इस्त्री जरा गरम लागली की तिथे कायमचा चकचकीत डाग पडतो. माझ्या उशीवर तो आहे.

आता ज्याची मला सर्वांत कमी अपेक्षा होती ते, सोफ्याचं सुएड, म्हणजे मऊ चामड्यासारखं दिसणारं कापड. खरं अल्ट्रासुएड तोरे या जपानी कंपनीचं, 1970 सालचं. अतिसूक्ष्म धाग्यांचं, न विणलेलं, म्हणून कापलेली कड उसवत नाही. बाजारात सोफेवाल्यांकडे सुएड म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा विणलेलंच असतं, वरून घासून मऊ केलेलं. त्याच्या कडेला झिगझॅग लागतोच. मी तेच घेतलं. ही उशी सासूबाईंच्या खुर्चीत असते. तिच्यावर तेल लागलं, चहा सांडला, एकदा आमसुलाचं सारही सांडलं. ओल्या फडक्याने पुसलं की झालं. शिवण जागची हललेली नाही. दिसायला मात्र दवाखान्यातल्या बाकासारखी आहे, हे मान्य.

जीन्सची पाठ झोपाळ्यावरच्या उशीला आहे. मुलाची जुनी पँट, धुऊन धुऊन आटलेली आणि रंग गेलेली, त्यामुळे पुढे आटायचाही प्रश्न नाही आणि सोफ्याला निळं लागायचाही नाही. नवी जीन्स असती तर दोन्ही झालं असतं. ताकद भरपूर, पण जाळी, जीन्स आणि मध्ये उरेब पट्टीची पायपिंग, असे कोपऱ्यात इतके थर येतात की 16 नंबरची सुई मोडली, 18 ची घालावी लागली. एवढं करून कोपरे मांजराच्या कानांसारखे उभे राहिले. कोपऱ्याकडे येताना टीप थोडी आत घ्यायला हवी होती.

एका पर्सला रेक्झिन लावलं होतं, त्याचे दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे निघाले. तोरणाच्या छोट्या तुकड्यांना फेल्ट लावलं, ते मजेत आहे. कड मुडपावी लागत नाही हे त्याचं सुख. पण रोज घासली जाईल अशा जागी नको, गोळे येतात.

पाठ शिवायला बाहेर देणार असाल तर एक सांगून ठेवते. पहिली उशी मी शिंप्याकडे दिली होती. भरतकामाबाहेर इंचभर जाळी सोडा, असं दोनदा बजावलं. त्याने नेहमीच्या ब्लाउजसारखी पाव इंचावर कातरली. साधी जाळी कापली की तिचे धागे सुटत जातात. शेवटच्या दोन ओळी हातात आल्या, त्या मी नव्याने भरल्या. आता जाळी देण्याआधी घरीच चारी बाजूंनी झिगझॅगच्या दोन फेऱ्या मारते आणि त्यांच्या बाहेर खडूने रेघ ओढून देते.

आणि भरतकाम तिरकं झालं असेल तर पाठ लावण्याआधीच ओलसर करून, ओढून, फळीवर ठोका. तिरक्या तुकड्याला चौकोनी पाठ लावली तर उशी जन्मभर पिळलेली दिसते. खिळे पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या. साध्या टाचण्यांच्या गंजाचे चार ठिपके माझ्या मोरपिसाच्या कडेला आहेत, ते मी पायपिंगखाली दडवले.

खणाची उशी काल पुन्हा उसवून घेतली. या वेळी मागून मांजरपाट लावलं, धुऊन आटवलेलं, खणाबरोबर चारी बाजूंनी झिगझॅगने एकत्र करून. आतली उशीही 15 इंची आणली. पुढची भरायला घेतली आहे तिला मात्र सुती मखमलच लावणार, लव सुलट धरून.