पिंग की पोर्ट-तपासणी?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, तिथला डेटाबेस आणि त्यातून रोजची विक्री ओढून घेणारा इंटिग्रेशन सर्व्हर. रात्रीचा जॉब, म्हणजे हे ओढायचं आपोआप चालणारं काम, पडला की डेटाबेसपर्यंतची जोडणी कशाने तपासायची हा प्रश्न, आणि सकाळी फोन ठरलेला: ‘अहो, पिंग तर होतंय की!’

होत असेल. पिंग म्हणजे समोरच्या मशीनला ‘आहेस का?’ अशी हाक; ती आयसीएमपी या नेटवर्कच्या निरोप-पद्धतीवर चालते. समोरचं मशीन चालू आहे, वाट आहे, एवढंच कळतं. उलट फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्याने, आयसीएमपी अडवलं असेल तर पिंग फसतं आणि डेटा मात्र बिनबोभाट येत राहतो. होस्टचं नाव बरोबर आयपी पत्त्याला जातंय का, हे बघायला ते ठीक.

माझं मत पोर्ट-तपासणीला. पोर्ट म्हणजे मशीनवरचं एकेका सर्व्हिसचं क्रमांकाचं दार. टेलनेट किंवा एनसी (नेटकॅट) ही कमांड घ्या आणि पोर्ट द्या: एसक्यूएल सर्व्हरला सहसा १४३३, ओरॅकलला १५२१, पोस्टग्रेसला ५४३२. पण ती इंटिग्रेशन सर्व्हरवरूनच करा; आपल्या लॅपटॉपवरून जोडलं गेलं याला काही अर्थ नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ झटकन आलं, तर मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर बहुधा कोणी ऐकत नाही: सर्व्हिस बंद, नाहीतर पोस्टग्रेस फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच मशीनपुरतं, बसलंय. बराच वेळ ताटकळून ‘टाइम आउट’ आलं, तर बहुतेक वेळा फायरवॉल गुपचूप पॅकेट गिळतंय. नेटवर्कवाल्यांना गाठा, डेटाबेसवाल्यांना उगाच उठवू नका.

पोर्ट उघडं, तरी जॉब पडतोय? मग पासवर्ड, ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारं सॉफ्टवेअर) किंवा जोडणी सुरक्षित करणारं टीएलएस प्रमाणपत्र बघा. तिथे दोन्ही तपासण्या मुक्या. जॉबचा लॉग, म्हणजे त्याच्या नोंदीच, वाचाव्या लागतात.