मिशन स्टेटमेंटची कार्यशाळा: २५०० रुपये आणि एक लॅमिनेट केलेला कागद

मिशन स्टेटमेंट म्हणजे आपल्या आयुष्याचं ध्येय थोडक्यात लिहून काढायचं, त्याची ही कार्यशाळा. बायकोने वाढदिवसाचं गिफ्ट म्हणून बुक केलेली, त्यामुळे न जाऊन चालणार नव्हतं. पुण्यात, रविवारी ९ ते ५, फी २५०० चहा-जेवण धरून. नाव घेत नाही कारण शिकवणारा माणूस मनापासून शिकवत होता, पण पैसे भरायच्या आधी हे वाचा.

सकाळचे दोन तास अक्षरशः पाण्यात. साठेक शब्दांची यादी देतात, प्रामाणिक, कृतज्ञ, धाडसी वगैरे, त्यातले दहा निवडा मग पाच मग तीन, आणि ते तीन शब्द एका तयार वाक्यात बसवा की झालं तुमचं आयुष्याचं ध्येय. तीस जणांनी वाचून दाखवलं तर सगळं लग्नपत्रिकेसारखं, नावं वेगळी मजकूर तोच.

मग ती श्रद्धांजलीवाली ॲक्टिव्हिटी, स्टीफन कव्ही या अमेरिकन लेखकाच्या १९८९ च्या 'सेव्हन हॅबिट्स' पुस्तकातली. तुमच्या अंत्यविधीला चौघं बोलतायत, एक घरचा, एक मित्र, एक कामावरचा आणि एक तुमच्या मंडळातला किंवा सोसायटीतला म्हणा, तर प्रत्येकाने काय बोलावं असं वाटतं ते लिहायचं. शेजारच्या काकूंनी पेन सरळ पर्समध्ये टाकलं, म्हणाल्या सकाळी सकाळी असलं अभद्र मी नाही हो लिहिणार. मी लिहिलं, आणि खरं सांगतो दिवसभरात हीच एक गोष्ट लागली. ऑफिसवाल्याच्या तोंडी घालायला धडाधड सहा वाक्यं सुचली, घरच्याच्या तोंडी पंधरा मिनिटांत एक. तेही खोडलं नंतर.

जेवणानंतर बेंजामिन फ्रँकलिन, अठराव्या शतकातला अमेरिकन नेता आणि शास्त्रज्ञ. त्याने विशीत १३ सद्गुणांची यादी केली होती, छोट्या वहीत सात वारांचे रकाने आखायचे, चुकलं की काळा ठिपका, दर आठवड्याला एक गुण धरायचा म्हणजे १३ आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार. तो तक्ता आम्हाला छापून दिला, छान. पण खरी गंमत सांगितलीच नाही जी त्याने स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवलीये, की यादी आधी १२ चीच होती, एका क्वेकर (ख्रिश्चनांमधला एक पंथ) मित्राने तोंडावर सांगितलं की लोक तुला गर्विष्ठ समजतात, उदाहरणंही दिली, तेव्हा नम्रता हा १३ वा आला. आणि यादीतल्या व्यवस्थितपणाने तर त्याला सगळ्यात जास्त छळलं. म्हणजे दुसऱ्याने कान धरला तेव्हा त्याची यादी पुरी झाली, आणि इथे आम्ही तीस जण बोर्डाच्या परीक्षेसारखे आपापला कागद झाकून लिहितोय!

शेवटी स्टेटमेंट टाइप करून लॅमिनेट करून देतात. घरी येऊन बायकोला दाखवलं, त्यात 'कुटुंबाला प्रथम स्थान देईन' अशी ओळ होती. तिने वाचलं आणि विचारलं, मागचे पाच रविवार कुठे होतास? (त्यातला एक तिनेच पाठवलेल्या ह्याच वर्कशॉपमध्ये, पण ते बोलायची हिंमत नाही झाली.) मग दोघांनी बसून ती ओळ काढली आणि लिहिलं, रात्री ८ नंतर ऑफिसचा फोन घ्यायचा नाही, महिन्यातले दोन रविवार लॅपटॉप बंद. लॅमिनेशनवर पेन उठत नाही म्हणून मागे कागद चिकटवलाय. दीड महिन्यात ८ चा नियम नऊ वेळा मोडला, ठिपके तीच देते.

निघताना तीन महिन्यांच्या कोचिंगचं पॅकेज गळ्यात मारायला बघतात आणि न विचारता व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घालतात, रोज सकाळी सूर्योदयाचे फोटो, मी म्यूट केलाय.

घरी बसून दोन ओळी लिहिणं होतच नसेल तर जा, अकराला पोचलात तरी काही बुडत नाही. नाहीतर ती चौघांची ॲक्टिव्हिटी घरच्या वहीत फुकटात होते, फक्त लिहिलेलं कोणाला तरी वाचायला द्या. ५ पैकी अडीच स्टार. पार्किंगची बोंब, मठ्ठा झकास.