घुमटाच्या कंट्रोल रूमसाठी काय घ्यावं: नीना-एकोस, ग्राफाना की शिरोलीचा पीएलसी पॅनेल?

कोल्हापूर परिसरात एखादं कॉलेज किंवा खगोल मंडळ घुमटासह छोटी दुर्बीण बसवायचं ठरवतं, तेव्हा आरसा किती इंची यावर महिनोनमहिने बैठका होतात. कंट्रोल रूमचा विषय मात्र ‘एक पीसी ठेवू’ एवढ्यावर मिटतो. रात्री दोनला घुमट उघडा ठेवायचा की मिटायचा, हे शेवटी त्या पीसीच्या स्क्रीनकडे बघूनच ठरणार असतं. म्हणून पर्याय नीट तोलून घ्या.

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे दुर्बिणीचं तयार सॉफ्टवेअर. विंडोजवर अ‍ॅस्कॉमच्या जोडीला नीना (पहिलं उपकरणांना पीसीशी जोडतं, नीना त्यांच्याकडून काम करून घेतं), लिनक्सवर त्याच जोडीच्या जागी इंडी आणि केस्टार्स या तारांगण सॉफ्टवेअरमधलं एकोस. दोन्ही फुकट. मुलांचा हात विंडोजवर बसलेला असेल तर नीना लवकर जमतं. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घुमटात ठेवून खालच्या खोलीतून काम करायचं असेल तर एकोस बरं. माउंट (दुर्बीण फिरवणारा आधार), कॅमेरा, फोकस, गायडिंग (ताऱ्याचा माग धरणं) यांत दोन्ही तरबेज आहेत. पण त्यांचा सगळा जीव फोटोत. यूपीएसची बॅटरी किती उरली, घुमटाची झडप पूर्ण मिटली की बोटभर उघडी राहिली, याला तिथं दुय्यम जागा मिळते.

ही उणीव भरायला बहुतेक जण ग्राफाना या आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळतात. सेन्सरचे आकडे इन्फ्लक्सडीबी या डेटाबेसमध्ये साठवायचे आणि आलेख ब्राउझरमध्ये बघायचे. आपल्या हवेला हे फार उपयोगी पडतं. ऑक्टोबरात पाऊस सरला तरी हवेतला ओलावा हटत नाही, आणि पुढं थंडीत पंचगंगेकाठचं धुकं असतंच. नुसता ‘आर्द्रता ८५ टक्के’ हा आकडा बघून काही ठरवता येत नाही. तापमान २४ अंश असेल तर त्या आर्द्रतेला दवबिंदू (ज्या तापमानाला दव पडू लागतं तो) साधारण २१.३ येतो, म्हणजे अंतर तीन अंशांहून कमी. त्यात निरभ्र आकाशाखाली दुर्बिणीचा वरचा भाग हवेपेक्षाही थंड होतो. म्हणून काचेचं तापमान आणि दवबिंदू या दोन रेषा एकाच आलेखात घ्या. त्या जवळ येताना दिसल्या की दव पडायच्या आधी हालचाल करता येते.

ग्राफानाची खोड वेगळीच आहे, आणि ती डेमोत दिसत नाही. आकडा दाखवणारा चौकोन निवडलेल्या कालावधीतली शेवटची नोंद दाखवतो. कालावधी सहा तासांचा ठेवलाय आणि सेन्सरची वायर दहाला निघाली, तर पहाटे तीनलाही तिथं दहाचीच ६२ टक्के आर्द्रता ठळक हिरव्या अक्षरांत असते. बघणारा निवांत, वर दव सुरू. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या आकड्याखाली ‘किती सेकंदांपूर्वी’ हे लिहायलाच हवं, आणि नोंद दोन मिनिटांहून जुनी झाली की आकडा करडा पडायला हवा. शिवाय ग्राफाना मुळात बघण्यासाठी आहे. त्यात बटणं बसवता येतात, पण घुमट मिटायचं बटण मी तरी तिथं ठेवणार नाही.

ते बटण जिथं शोभतं तो पर्याय आपल्या दारातच आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, आसपासचे साखर कारखाने पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) आणि एचएमआय (त्याची स्क्रीन) पॅनेलवरच चालतात, त्यामुळे हे काम जाणणारी माणसं इथं शोधावी लागत नाहीत. पावसाचा सेन्सर आणि लिमिट स्विच (झडप टोकाला पोचली की दाबला जाणारा) थेट पीएलसीला जोडा. पीसीकडून ठरावीक वेळाने येणारा सिग्नल थांबला की पीएलसीने घुमट आपणहून मिटायचा. पीसी हँग होवो की विंडोज अपडेट घेत बसो, आरसा भिजत नाही. हे ना नीना छातीठोकपणे देऊ शकतं, ना ग्राफाना.

पॅनेलवाल्याची आवड मात्र आवरावी लागते. त्याला चकाकणारी मोटर, फिरणारा पंखा आणि सगळीकडे लाल-हिरवे दिवे काढायची हौस असते. तुम्ही करडी पार्श्वभूमी मागा. रंग फक्त बिघाडाला. घुमटात डोळे अंधाराला सरावलेले राहावेत म्हणून स्क्रीनवर लाल फिल्टर लावाल तेव्हा लाल आणि हिरव्यातला फरक तसाही मरतो, त्यामुळे बिघाडाला रंगासोबत आकार किंवा शब्दही हवा. अलार्म मोजकेच. १९९४ मध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या तेल शुद्धीकरण कारखान्यात स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. त्यातला कामाचा कोणता, हे कुणाला कळणार? छोट्या घुमटाला पाऊस, वारा, वीज गेली, झडप अडकली आणि सेन्सर गप्प झाला, एवढे पाच पुरतात.

एपिक्स आणि टँगो या मोठ्या दुर्बिणींच्या नियंत्रण-सॉफ्टवेअरचं नाव कुणीतरी काढणारच. जेमिनी आणि केक या मोठ्या वेधशाळा एपिक्सवर चालतात. आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने ४५ मीटरच्या ३० अँटेनांसाठी टँगो घेतलं, एसकेए ही आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बीणही त्यावरच उभी राहतेय. दोन्ही उत्तम, पण ते सांभाळायला कायमचा माणूस लागतो. विभागात प्रोग्रॅमिंग जाणणारा एकच प्राध्यापक असेल तर या वाटेला जाऊ नका. त्याची बदली झाली की विषय संपला.

माझा कौल मिश्र मांडणीला. घुमट, वीज आणि पाऊस पीएलसीकडे. दुर्बीण आणि कॅमेरा एकोस किंवा नीनाकडे. ग्राफाना भिंतीवरच्या दुसऱ्या स्क्रीनवर, फक्त बघायला. बहुतेक पीएलसी मॉडबस या यंत्रांच्या सामायिक भाषेत बोलतात, त्यामुळे घुमटाची स्थिती ग्राफानात आणणं अवघड नाही. पैसे एकदम नसतील तर आधी पीएलसी घ्या. ग्राफाना पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधूनही उभं राहील. आणि पीएलसीच्या ऑर्डरमध्ये एक अट लेखी घाला: मूळ प्रोग्रॅमची प्रत आणि पासवर्ड हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. तसं न केल्यास तीन वर्षांनी एक टायमर बदलायलाही त्याच माणसाच्या मागे फिरावं लागतं.