अल्पाइन बूट तेच ठेवून टूरिंग: फ्रेम बाइंडिंग की अडॅप्टर?

टूरिंग म्हणजे स्कीवर आधी स्वतः चढायचं, मग उतरायचं. बूट स्कीला जोडणारं बाइंडिंग त्यासाठी चढताना टाच मोकळी सोडणारं हवं. नेहमीचे, उतारासाठीचे अल्पाइन बूटच वापरायचे असतील, तर सर्वांत हलकं पिन बाइंडिंग इथे बादच. त्याच्या पिना बुटाच्या टोकातल्या धातूच्या खाचांत बसतात आणि साध्या अल्पाइन बुटाला त्या खाचा नसतात. शिफ्टसारखं हायब्रिड (चढताना पिनांचं, उतरताना अल्पाइनसारखं) बाइंडिंग उतारावर अल्पाइन बूट घेतं, पण चढायला त्यालाही खाचा लागतातच. ‘सगळ्या बुटांना चालतं’ या जाहिरातीवर म्हणून विसंबू नका.

उरतात दोन पर्याय. फ्रेम बाइंडिंग म्हणजे चौकटीवर बसवलेलं बाइंडिंग; त्यात टाचेसह अख्खी चौकट दर पावलाला उचलावी लागते. लांब चढावर मांड्या भरून येतात. अडॅप्टर म्हणजे चढताना अल्पाइन बाइंडिंगमध्ये बसवायचा सुटा जोड. तो वापरला की बाइंडिंग स्कीवरच राहतं, पायावर फक्त अडॅप्टरचा भार. डेमेकर या अडॅप्टरची सांधेजोड तर पाऊल बरंच नैसर्गिक पडू देते. मात्र चढताना पाय स्कीपासून उंचावर राहतो, उतार आडवा कापताना तोल जातो. उतरताना अडॅप्टर पिशवीत वाहायचा.

खर्चात मला अडॅप्टर उजवा वाटतो: स्कीला नवी भोकं नकोत, असलेलं बाइंडिंग चालतं.

अधूनमधून छोटे चढ असतील तर अडॅप्टर घ्या. चढ-उतार वारंवार बदलत असतील, सुटे भाग सांभाळायचे नसतील, तर फ्रेम. तासन्‌तास चढायचं असेल, तर आधी बूटच बदला, खाचा असलेले घ्या.