सिबिल खराब असताना घेतलेलं पहिलं गृहकर्ज: डिचोलीतून वर्षभरानंतरचा अनुभव

सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण) सहाशेच्या थोडा वर असतानाही घरासाठी कर्ज मिळतं, मला मिळालं. २०२४च्या दिवाळीनंतर एका गृहवित्त कंपनीकडून २५ लाख, २० वर्षांसाठी, साडेअकरा टक्क्यांनी. आता वर्षभराहून जास्त काळ हप्ते भरल्यावर माझं मत असं आहे की असं कर्ज जरूर घ्यावं, पण त्यातून बाहेर पडायची वाट सही करण्याआधीच बघून ठेवावी.

स्कोअर का पडला ते गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यातल्या लोकांना सांगावं लागणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाण लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्च २०१८पासून खाणी थांबल्या. वडिलांच्या खनिज वाहणाऱ्या टिपरच्या (ट्रकच्या) कर्जात मी सहकर्जदार होतो. टिपर दारात उभा, हप्ता चालूच. शेवटी फायनान्स कंपनीने एकरकमी तडजोड केली, काही रक्कम सोडून दिली आणि आम्ही सुटलो असं सगळ्यांना वाटलं. पण सिबिलच्या अहवालात त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ लागलं. बँकेच्या लेखी याचा अर्थ एवढाच की या माणसाने पूर्ण पैसे फेडले नाहीत. खाण का बंद पडली याला त्या अहवालात रकानाच नसतो. माझ्यासारख्या कितीतरी प्रामाणिक माणसांवर हा शिक्का बसलाय आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

अर्ज करण्याआधी अहवाल काढा, आणि एकच नको. देशात कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क अशा चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. माझ्या बाबतीत एकीकडे टिपरचं कर्ज अजून थकीतच दिसत होतं. तडजोडीचं पत्र जोडून तक्रार केली, दुरुस्ती झाली. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आपला स्कोअर आपणच पाहिल्याने तो घसरत नाही. मात्र एजंटाने तुमची फाईल एकाच वेळी पाच ठिकाणी टाकली तर पाचही चौकश्यांची नोंद होते आणि त्याचा फटका बसतो. एजंटाला कागद देण्याआधी तो ते कुठे पाठवणार हे विचारून घ्या.

आता कर्ज देणाऱ्या गृहवित्त कंपनीबद्दल. चांगलं आधी सांगतो. बँकांनी स्कोअर पाहून फाईल परत केली होती. या कंपनीचा अधिकारी साखळीला माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात येऊन बसला, खरेदीची बिलं पाहिली, बँकेचं स्टेटमेंट माझ्यासमोर वाचलं. बायको कुंडईच्या कारखान्यात नोकरीला आहे, तिचा स्कोअर स्वच्छ. ती सहअर्जदार झाल्यावर फाईल पुढे सरकली. ३३ लाखांच्या फ्लॅटवर २५ लाख मंजूर झाले. नियमाने ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत आणि त्याखालच्या कर्जाला ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, पण कमी स्कोअरवाल्याला तेवढं मिळेल असं धरून चालू नका. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचा खर्चही खिशातूनच जातो.

खरा वेळ गेला तो कागदांत. कंपनीचं मुख्य कार्यालय गोव्याबाहेर. तिथून सातबारा मागितला गेला! आपल्याकडे एक-चौदाचा उतारा असतो हे समजावण्यापासून सुरुवात झाली. मग इमारतीखालच्या जमिनीची सनद (जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी), ऑक्युपन्सी (राहण्यास योग्य असल्याचा दाखला), सबरजिस्ट्रारकडचं निल एन्कम्ब्रन्स (मिळकतीवर बोजा नसल्याचा दाखला), पंचायतीची घरपट्टी. जमिनीच्या मूळ मालकाच्या वारसांची इन्व्हेंटरी (वारसांत वाटणीची कारवाई) झाली होती, तिचे जुने कागद पोर्तुगीजमध्ये. त्यांचं भाषांतर करून घ्यावं लागलं. आणि गोव्याच्या नागरी कायद्याने नवरा-बायकोची मिळकत सहसा सामायिक, त्यामुळे विकणाऱ्याच्या बायकोची सही हवीच. ती परदेशात. मुखत्यारपत्र येईपर्यंत सगळं अडलं. म्हणून विसार देण्याआधी इथल्याच वकिलाकडून टायटल तपासून घ्या. बाहेरच्या पॅनेलवरच्या वकिलाला मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घरात हक्काने राहणारा) आणि कोमुनिदाद (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था) हे शब्द समजावण्यात तुमचेच दिवस जातात.

व्याजाचा भार मात्र जबर आहे. हप्ता सुमारे २६,६६० रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले जवळजवळ २४ हजार व्याजात गेले आणि मुद्दल कमी झालं अवघं २,७०० रुपयांनी. हेच कर्ज साडेआठ टक्क्यांनी असतं तर हप्ता २१,७००च्या आसपास आला असता. महिन्याला पाच हजारांचा फरक म्हणजे आमच्या घरात मुलीच्या शिकवणीपासून गॅसपर्यंत सगळं.

त्याहून टोचलं ते पुढचं. २०२५मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ६.५० टक्क्यांवरून ५.२५पर्यंत उतरला. ऑक्टोबर २०१९पासून बँकांची नवी तरत्या (वेळोवेळी बदलणाऱ्या) दराची गृहकर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशीच, बांधलेली असतात. तिथे दर आपोआप उतरतो. गृहवित्त कंपन्यांना ते बंधन नाही, त्या आपला मूळ दर स्वतः ठरवतात. माझा दर वर्षभरात जेमतेम हलला. नव्या ग्राहकाला मिळणारा दर मला हवा असेल तर बदलाची फी भरा, असं उत्तर आलं. मंजुरीच्या वेळी कर्जात विम्याचा एकरकमी हप्ताही मिसळला होता. तो सक्तीचा नाही असं ठामपणे सांगितल्यावर काढला. ऑक्टोबर २०२४पासून प्रत्येक किरकोळ कर्जदाराला मुख्य बाबींचं पत्रक द्यावंच लागतं. सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर त्यात एका जागी असतो. सही करण्याआधी ते पत्रक घरी आणून शांतपणे वाचा.

बाहेर पडायची तयारी मी पहिल्या हप्त्यापासून केली. कर्ज तरत्या दराचं आहे हे करारात पाहून घेतलं, कारण व्यक्तीच्या नावावरच्या अशा गृहकर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड नसतो. चवथीच्या (गणेशोत्सवाच्या) महिन्यात हात आखडला तरी हप्ता चुकू दिला नाही. हप्त्याचे पैसे वेगळ्या खात्यात आधीच टाकून ठेवतो. दरम्यान टिपरच्या कंपनीकडे जाऊन तडजोडीत सोडलेली रक्कम लेखी मागून घेतली, भरली, ‘नो ड्यूज’ घेतलं आणि ‘सेटल्ड’च्या जागी ‘क्लोज्ड’ लावून घेतलं. स्कोअर एकदम उडी मारत नाही, पण आता तो सातशेच्या वर आहे. २०२५पासून कर्ज देणाऱ्यांना कर्जाची माहिती निदान दर पंधरा दिवसांनी सिबिलसारख्या कंपन्यांना कळवावी लागते, त्यामुळे सुधारणा पूर्वीपेक्षा लवकर दिसते.

ज्या बँकेने मला परत पाठवलं होतं तिनेच आता कर्ज ट्रान्सफर करून घ्यायला तत्त्वतः होकार दिलाय. प्रोसेसिंग, वकील आणि गहाणाचा खर्च पुन्हा होईल, तरी आमच्या हिशेबात तो वर्षाच्या आत वसूल होतो. कंपनीकडून जमा कागदांची यादी मी आताच सही-शिक्क्यासह घेतली आहे. पूर्ण फेड झाल्यावर मूळ दस्तऐवज ३० दिवसांत परत द्यावे लागतात. कंपनीच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. यादी हातात नसेल तर कोणता कागद राहिला हेच सिद्ध करता येत नाही, आणि आपल्याकडची पोर्तुगीज काळातली प्रत हरवली तर ती पुन्हा काढणं फार कठीण.