स्लग दाखवला, पण रॉड हातात दिला नाही

वापरलेली .22 कॅलिबरची रायफल विकत घेताना विक्रेत्याने मला नळीच्या आतील व्यासाचा जो आकडा दाखवला, तो खरा होता आणि तरीही मी फसलो. हे कसे घडले ते सविस्तर लिहीत आहे, कारण जुनी स्पर्धेची रायफल घेणाऱ्या कोणाच्याही बाबतीत हाच प्रकार सहज घडू शकतो.

विक्रेता स्वतः नेमबाज होता आणि बोलण्यात अत्यंत सभ्य होता. त्याने प्रथम बोअरस्कोपने (नळीच्या आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) काढलेले चित्रण दाखवले. गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या कंगोऱ्यांच्या कडा स्वच्छ होत्या, चेंबरच्या (काडतूस बसते त्या मागच्या भागाच्या) पुढे झीज नव्हती आणि कंगोऱ्यांमधल्या खाचांमध्ये शिसे साचलेले नव्हते. हे सगळे मी समाधानाने पाहिले. बोअरस्कोप पृष्ठभाग दाखवतो. व्यासातला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक त्यात दिसू शकत नाही, ही गोष्ट मला तेव्हाही ठाऊक होती, परंतु चकचकीत बोअर (नळीचा आतला पोकळ भाग) पाहिल्यावर ती मनातून मागे पडली. त्यानंतर त्याने माझ्यासमोर स्लग काढून दाखवला.

स्लग काढणे म्हणजे बोअरपेक्षा किंचित जाड अशी शुद्ध, मऊ शिशाची गोळी तेल लावलेल्या नळीतून रॉडने पुढे ढकलत नेणे. शिसे खाचांमध्ये भरते आणि बाहेर आलेल्या गोळीवर नळीचा ठसा उमटतो. या नळीत सहा खाचा होत्या, त्यामुळे समोरासमोरच्या दोन खाचांच्या ठशांवर साध्या मायक्रोमीटरने माप घेता येत होते. (खाचांची संख्या विषम असेल, तर व्ही आकाराच्या जबड्याचा मायक्रोमीटर लागतो.) माप 5.65 मिमी आले. चांगल्या .22 नळीचे माप असेच असते. मायक्रोमीटर मी स्वतः धरला होता, तेव्हा आकड्याबद्दल शंका घेण्याचे कारणच नव्हते.

मात्र नळीतून बाहेर आलेल्या स्लगवर फक्त सर्वांत घट्ट जागेचे माप राहते, याचा विचार मी त्या वेळी केला नाही. घट्ट जागेतून जाताना शिसे दाबले जाते, आणि पुढे नळी सैल झाली तरी ते पुन्हा फुगत नाही. विक्रेत्याने स्लग चेंबरकडून घातला आणि तोंडाकडून काढला. चेंबरकडची बाजू 5.65 मिमी असेल आणि तोंडाजवळची बाजू त्याहून कितीही मोठी असेल, तरी हातात येणारा स्लग 5.65 मिमीच भरणार. सैल जागा स्लगवर उमटत नाही, ती रॉड धरणाऱ्या हाताला कळते: रॉडवरचा विरोध एकदम कमी होतो आणि रॉड पुढे निसटल्यासारखा जातो.

तो रॉड त्याने मला धरू दिला नाही. मी मागितला, तेव्हा अनोळखी हाताने रॉड तिरका लागला तर कंगोऱ्यांना इजा होईल, असे त्याने सांगितले. हे कारण ऐकायला रास्त वाटते, कारण चुकीच्या पद्धतीने रॉड चालवल्याने नळ्या खरोखरच खराब होतात. शिवाय त्याने स्लग सलग दाबाने न ढकलता लाकडी हातोडीच्या भराभर ठोक्यांनी नेला. ठोक्यांमध्ये विरोधातला चढउतार पाहणाऱ्याला तर कळत नाहीच, ठोकणाऱ्यालाही नीट कळत नाही. ज्याला नळी खरोखर तपासायची आहे, तो मनुष्य असे कधीही करणार नाही, हे आता मी ठामपणे म्हणू शकतो.

व्यवहार झाला, परवान्यावरील नोंदी पूर्ण झाल्या आणि मी सरावाला लागलो. 50 मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिमी असतो. बाकावर टेकवून, निरनिराळ्या लॉटची काडतुसे वापरूनही माझ्या दहा गोळ्यांपैकी दोन-तीन कारण नसताना बाहेर जात. अनेक आठवडे मी दोष माझ्या ट्रिगरला, श्वासाला आणि काडतुसांना दिला, याचे मला अजूनही वाईट वाटते.

शेवटी एका अनुभवी आर्मररने (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) रायफल हातात घेतली. ती रिकामी असल्याची खात्री करून त्याने बोल्ट काढला आणि नळी आधी पूर्ण साफ केली, कारण साचलेले शिसेही घट्ट जागेसारखेच जाणवते. मग त्याने खाचांबरोबर फिरणाऱ्या, बेअरिंगच्या मुठीच्या रॉडवर घट्ट बसणारा पॅच (कापडाचा तुकडा) लावला आणि रॉड माझ्या हातात देऊन हळूहळू, न थांबता ढकलण्यास सांगितले. नळीच्या बहुतेक लांबीभर विरोध एकसारखा होता. तोंड साधारण 11 सेंटीमीटर दूर असताना रॉड अचानक हलका झाला. त्यानंतर त्याने नवीन स्लग तोंडाकडून घातला. तो सहज आत गेला आणि त्याच 11 सेंटीमीटरवर अडला. तेथून जोर न लावता चेंबरकडून रॉड घालून त्याने तो आला तसाच मागे बाहेर काढला. माप 5.68 मिमी. कोणाला ही तपासणी करून घ्यायची असेल, तर स्लग दोन्ही बाजूंनी काढून घ्यावा आणि रॉड स्वतः धरावा. एअर गेज (हवेच्या दाबाने व्यास मोजणारा मापक) उपलब्ध असेल तर अधिकच चांगले, कारण तो नळीच्या प्रत्येक जागेचे माप वेगळे देतो.

0.03 मिमीचा फरक लहान वाटेल. परंतु स्पर्धेच्या नळीत शेवटचा भाग किंचित घट्ट असलेला चालतो, सैल अजिबात चालत नाही. गोळीची पकड नेमकी बाहेर पडण्याआधी सुटते, वायू तिच्या बाजूने पुढे निसटतो आणि ती थोडी कललेली बाहेर पडते. दोषाचे कारणही आर्मररने दाखवले. वजन कमी करण्यासाठी नळीचा तोंडाकडचा भाग कोणीतरी लेथवर बाहेरून तासला होता. बटण (कठीण धातूचा ठसा) ओढून खाचा पाडलेल्या नळीत ताण शिल्लक राहिलेला असेल, तर बाहेरचा धातू काढल्यावर बोअर उघडतो. तासलेल्या भागावर नव्याने ब्लूइंग (गंज रोखणारा निळसर-काळा थर) केलेले होते आणि उजेडात त्याची छटा उरलेल्या नळीपेक्षा वेगळी दिसत होती. मी मात्र तिला चांगल्या निगेची खूण समजलो होतो.

विक्रेत्याला हे ठाऊक नसावे, असे मी काही दिवस स्वतःला समजावले. नंतर रायफलच्या आधीच्या मालकाशी बोलणे झाले. त्याने ही रायफल विकताना नळी तोंडाकडे सैल असून बदलावी लागेल असे स्पष्ट सांगितले होते आणि त्याच कारणाने कमी किंमत घेतली होती. विक्रेत्याकडे मी पैसे परत मागितले, तेव्हा त्याने सही केलेल्या कागदावरील ‘जशी आहे तशी’ हे शब्द आणि मी स्वतः घेतलेले माप, या दोन गोष्टी पुढे केल्या.

लॅपिंगने (नळी आतून घासून) घट्ट जागा मोकळी करता येते, सैल जागेत धातू परत भरता येत नाही. म्हणून आर्मररने रीतसर नोंद करून नळी 12 सेंटीमीटरने कापली, नवीन क्राउन (तोंडाची नेमकी कड) काढला आणि नेम धरण्याच्या पुढच्या साइटचे अंतर कायम राहावे म्हणून तोंडावर पोकळ नळकांडे बसवले. त्यानंतरचा स्लग चेंबरपासून तोंडापर्यंत मी माझ्या हाताने नेला, आणि शेवटच्या सेंटीमीटरपर्यंत त्याने एकसारखा विरोध दिला.