युडायस प्लसचं शाळा-पत्रक: प्रवेशाआधी उघडाच

भाचीला पहिलीत घालायचं म्हणून नंदनवनच्या आसपासच्या मनपा शाळा मी युडायस प्लसवर, म्हणजे केंद्र सरकारच्या शाळांच्या माहितीच्या पोर्टलवर तपासल्या. शाळेचा 11 अंकी कोड टाका. पट, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, पाणी, सगळं फुकटात दिसतं. पालकांसाठी फार मोलाची सोय आहे ही.

पण माहिती शाळाच भरते. शाळासिद्धी या शाळांच्या मूल्यमापनाच्या सरकारी उपक्रमातही 46 मानकांवर 1 ते 3 पातळी आधी शाळा स्वतःच लावते. केंद्राचा पीजीआय हा शालेय शिक्षणातल्या कामगिरीचा निर्देशांक तर राज्यांना नि जिल्ह्यांना श्रेणी देतो, आपल्या गल्लीतल्या शाळेला नाही. पोट्टे धडा वाचतात का, हे त्यातून कसं कळणार? ताईला म्हटलं, पत्रक वाच अन् मग मुख्याध्यापकांना विचारून तिसरीच्या वर्गात तासभर बसून ये.